पार्कातलं ऊन

चातुर्मासात सूर्य पाहिल्याशिवाय जेवायचं नाही, हा मनोरमाबाईंचा नेम. गावावरची झड काही उघडेना. उपासांनी त्या गळून गेल्या, तेव्हा सुनेनं त्यांना थीम पार्कात आणलं.

"बघा आई, पाळण्यांवर कसं लख्ख ऊन! पाऊस आला की इथली यंत्रं ढगच ढकलून देतात. पाहुणे कोरडे!"

मनोरमाबाईंनी सूर्याला हात जोडले, डबा उघडला. घास हातात घेऊन सहज विचारलं, "आणि ते ढग जातात कुठे गं?"

"आपल्याच गावावर. म्हणून तर तिथे उघडत नाही."

घास डब्यात परतला. शेजारच्या द्वारकेनं त्यांच्याबरोबरच नेम धरला होता. तीही तिकडे गावात उपाशीच होती.

"अहो आई, चक्कर येऊन पडाल! सूर्य खराच आहे."

"खराच आहे गं. पण तिच्या वाटणीचाही आहे." त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या. "चल, मावळायच्या आत तिला घेऊन येऊ."