कैदी वॉर्डातला डबा

डबा परत आला. खिम्याचा कप्पा तसाच भरलेला, बाकीचे धुऊन लख्ख.

"का हो, आवडला नाही?" सुरय्यानं विचारलं.

कैदी वॉर्डाच्या दाराशी ज्योतीराम हवालदार खुर्चीत पाय लांबवून बसला होता. "पेशंट म्हणतो, उद्यापासनं साधा वरण-भात द्या. खिमा नको."

सुरय्याला हसू आलं. निघोजे गावातल्या गॅरेजात दुपारच्या डब्यात खिमा नसला की तिचा नवरा मन्सूर हातातला पाना आपटायचा. "ऑपरेशननं अक्कल आली म्हणायची. आणि डबासुद्धा धुतला?"

"जेलात सगळं शिकवतात, भाभी."

गॅरेजात चोरीच्या टेम्पोचं इंजिन सापडलं म्हणून मन्सूर आत गेला. खटला अजून उभाच राहिला नव्हता. आत असताना छातीत कळा यायला लागल्या. तुरुंगाच्या डॉक्टरनं लिहून दिलं, मोठ्या दवाखान्यात न्या. पण कैद्याला न्यायचं तर सोबत पोलिसांची पार्टी लागते, आणि पोलीस कधी सभेला, कधी मिरवणुकीच्या बंदोबस्ताला. दर मुलाखतीला मन्सूर काचेपलीकडून छाती धरून एकच सांगायचा, "आजपण पार्टी आली नाही गं."

शेवटी वकील करिष्मा मॅडम कोर्टात गेल्या. माणूस कैदी झाला म्हणून त्याचा उपचाराचा हक्क जात नाही, असं जजसाहेबांनी सुनावलं. मन्सूरला ताबडतोब दाखल करा, असा हुकूम निघाला. मग मात्र पार्टी आली. दवाखान्यात छातीत स्टेंट बसला. जरा उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं नर्स म्हणाली.

"दादा, एकदा लांबून बघू द्या ना."

"माझी नोकरी खाता काय, भाभी?" असं म्हणत ज्योतीरामनं पायानंच दार थोडं ढकललं.

पार टोकाच्या खाटेवर, उन्हाच्या पट्ट्यापलीकडे, एक देह पडला होता. तोंडावर मास्क, पायात बेडी, बेडीचं दुसरं टोक खाटेला. किती वाळला होता! पांघरुणाखाली माणूस आहे की नुसतीच घडी पडलीय, कळू नये असा. सुरय्यानं हात हलवला. पांघरुणातून एक हात हळूहळू वर आला, हवेत तसाच तरंगला. मग त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आपल्याच माणसाला बघून काटा का यावा, हे तिला कळेना.

"जेवला की रडतो तुमचा माणूस," ज्योतीराम दार ओढून घेत म्हणाला. "काल म्हणाला, घरच्यांना सांगा, उपकार फिटायचे नाहीत. बायकोचे उपकार मानणारा नवरा मी तरी पहिल्यांदाच बघतोय राव!"

"माझा आहेच तसा," सुरय्या म्हणाली आणि ओढणीनं डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख होती. सरकारी वकिलांनी दवाखान्याचा दाखला पुढे केला. जजसाहेबांनी चष्मा सारून थेट सुरय्यालाच विचारलं, "उपचार मिळाले? तुम्ही स्वतः पाहिलं?"

"होय साहेब. या डोळ्यांनी पाहिलं."

"आता काही तक्रार?"

"नाही साहेब. अल्ला तुमचं भलं करो."

अर्ज निकाली निघाला.

"सुरय्याताई," बाहेर आल्यावर करिष्मा मॅडम म्हणाल्या, "हुकूम पुरा झाला, म्हणजे तो संपला बरं का. पुन्हा काही लागलं तर सगळं पहिल्यापासून."

"आता काय लागायचंय, मॅडम?"

निगडीला बस बदलून ती घरी पोचली. कंपनीची पहिली शिफ्ट सुटली होती, रस्त्यावर माणसांचा पूर लोटला होता. तिनं डाळ शिजायला टाकली. तेवढ्यात फोन वाजला. तुरुंगातला नंबर.

"अय्या, इतक्यात सोडलं दवाखान्यातून?"

पलीकडे नुसता श्वास. खोल विहिरीतून रहाट ओढावा तसा.

"सुरय्या." मन्सूरचा आवाज होता. "दुसऱ्याच्या फोनच्या पाळीत बोलतोय, भराभर ऐक. त्या दिवशी पार्टी आली, माझं नाव पुकारलं. पण शेजारचा म्हातारा उद्धवराव निळा पडत चालला होता गं. त्याला बाहेर कुणी नाही, त्याच्यासाठी कोर्टात कोण जाणार? म्हटलं, माझ्या नावानं तूच जा बाबा. पार्टीनं तोंड कुठं बघितलं! तेव्हापासून इथं हजेरीच्या गिनतीला मी उद्धवराव म्हणून उभा राहतो."

श्वास अडकला. पुन्हा सुटला.

"आता मला उभं राहवत नाही. मॅडमना सांग, दुसरी गाडी पाठवा. आपल्याकडे हुकूम आहे ना?"