सगळ्यांच्या मागे

सकाळी सहाला शिट्टी झाली आणि अर्ध्या मॅरेथॉनचे धावपटू डोंगराकडे सुटले. गर्दी पांगल्यावर, अगदी सावकाश, झाडू निघाला.

झाडू हे त्याचं नाव नव्हे, काम होतं. शेवटच्या धावपटूच्या मागे राहायचं, कुणी मागे उरलं नाही याची खात्री करायची आणि वाट दाखवायला झुडपांना बांधलेल्या नारिंगी फिती सोडत यायचं. डोंगरावर कचरा ठेवायचा नाही, अशी स्पर्धेला परवानगी देणाऱ्यांची अट होती. इतकी वर्षं त्याने हे काम केलं. त्याच्या मागे माणूस राहिला, असं कधी झालं नव्हतं.

यंदा त्याचं लक्ष एकाच आकड्याकडे होतं. सत्तावीस. त्याची मुलगी.

गेल्या वर्षी ती दुसऱ्या चौकीवर थोडी उशिरा पोचली. चौकीवाले कानाडोळा करायला तयार होते. त्यानेच तिला थांबवलं. "माझी लेक म्हणून सूट नाही," असं चारचौघांत म्हणाला. त्यानंतर कितीतरी दिवस ती माहेरी फिरकली नाही. मधेच तिचं एक ऑपरेशन झालं. मग एकदा आली ती एवढंच सांगायला, की यंदाही पळणार. डॉक्टर हो म्हणाले होते, बाप नाही म्हणाला. तिने सोयीचं ऐकलं.

सुटण्याआधी तंबूपाशी दोघं समोरासमोर आली.

"दम लागला तर थांब," तो म्हणाला.

"थांबले तर तुम्ही खाली न्याल."

"नेईनच."

"मग नाही थांबत."

जावई शेजारी वाकून बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाली होती, तरी बांधत होता.

पहिल्याच चढावर झाडूला त्याचा शेवटचा माणूस सापडला. औषधांच्या दुकानाचा मालक, पोट हातभर पुढे.

"आलात का झाडूकाका! जरा लांबून या हो. तुम्ही जवळ आलात की वाटतं, आता सुपलीत घेताय मला."

"पाय उचला, शेठ. बोलायला दम आहे म्हणजे पळायलाही आहे."

वाट सुट्या दगडांची होती. पाय ठेवावा तो दगड निसटायचा आणि बराच वेळ खाली गडगडत राहायचा. वर धुकं साचत होतं. झाडू एकेक गाठ सोडून फीत पोत्यात टाकत होता.

प्रत्येकाच्या घोट्याला पट्ट्याने चिप बांधलेली होती. चौकीवरच्या रबरी चटईवरून ती गेली, की आकडा आणि वेळ पायथ्याच्या तंबूत पडद्यावर उमटायची. तिथली वायरलेसवाली पोरगी त्याला कळवत होती.

"काका, दुसरी चौकी. औषधवाले सोडून सगळे पार."

"सत्तावीस?"

"कधीच! जावयांबरोबर. दोघांची वेळ सेकंदाला सेकंद एकच. हातात हात घालून पळतायत की काय!"

"वायरलेसवर चेष्टा नको," तो म्हणाला. पण खांदे सैलावले.

"वेळेत गेली का पोरगी?" औषधवाल्याने विचारलं.

"गेली."

"मग आता तरी हसा. आम्हाला काय, आमची मुलं जिनासुद्धा चढत नाहीत."

चौकीच्या अलीकडे, वाटेपासून जरा आत, एक पडकी दगडी खोपी होती. दमलेली माणसं तिथे टेकायची, म्हणून दरवर्षी झाडू आत डोकावायचा. यंदा डोकावला नाही. सगळे पुढे गेल्याचं आताच कळलं होतं, आणि औषधवाला धुक्यात दिसेनासा होत होता.

धावपटूंना वाटलेल्या शिट्ट्यांपैकी एक त्याच्याही गळ्यात होती. शेठ भरकटू नये म्हणून त्याने ती दोनदा फुंकली. दरीने तीनदा परत केली.

"आवाज काय घुमतो हो इथे!" पुढून औषधवाला ओरडला.

औषधवाला वेळ संपता संपता चटईवरून गेला आणि झाडू पोचेपर्यंत चौकी उठली होती. चटई, टेबल, माणसं, सगळं खाली गेलं होतं. त्यापुढे वाट फुटत होती. डावी अरुंद आणि काटेरी, ती उताराला लागायची. उजवी रुंद, सपाट, पायांना बरी वाटणारी. ती कड्याशी संपायची. इथे फिती दाट बांधलेल्या असत. झाडूने त्या निवांतपणे सोडल्या. एक गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. ती त्याने दातांनी काढली.

उतारावर पुन्हा वायरलेस बोलला. "काका, अभिनंदन! सत्तावीस पोचली. पडद्यावर आकडा आलाय."

तो जागीच थांबला. औषधवाल्याने वळून पाहिलं आणि तो पुढे चालत राहिला. मुलीला काय म्हणायचं, याची झाडू खालपर्यंत जुळवाजुळव करत होता. नुसतं शाब्बास म्हटलं तर तिला टोमणा वाटला असता. चुकलो म्हणायची सवय त्याला नव्हती. शेवटी त्याने तेच ठरवलं.

पायथ्याशी टाळ्या झाल्या. औषधवाला गवतावर आडवा पडला. झाडूने पोतं तंबूपाशी टेकवलं.

"सगळे आले, काका," वायरलेसवाली म्हणाली. "फिती?"

"एकूणएक."

मागे डोंगर कमरेपर्यंत धुक्यात गेला होता. जावई बाकावर बसला होता, पायांवर टॉवेल, हातात बायकोचं कोरडं जाकीट. झाडू त्याच्यापुढे उभा राहिला.

"कुठाय ती?"

जावयाने त्याच्या खांद्यावरून मागच्या उताराकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"बाबा, तुमच्याबरोबर नाही? खोपीत टेकली होती. म्हणाली, तू हो पुढे, मागून बाबा येतायतच."

तो ताडकन उठला. टॉवेल खाली घसरला. त्याच्या दोन्ही घोट्यांना चिपचे पट्टे होते.