रिकामा रकाना

वादळात दिवेआगरच्या आनंदीबाईंच्या वाडीतल्या साठ पोफळी आडव्या झाल्या. मोजणीवाले आले तेव्हा त्या अलिबागला दवाखान्यात होत्या, म्हणून त्यांच्या नावापुढचा रकाना रिकामाच राहिला. पुढे बागायतदार संघाची सगळी माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवली गेली आणि आज रोपवाटपाच्या यादीत आलं: पडलेली झाडं शून्य, रोपं शून्य.

ते काम सईने केलं होतं, माझ्याच जुन्या विद्यार्थिनीने. चाळीस वर्षं शिकवताना मी कधी आवाज चढवला नाही, तो आज चढला.

"कोणाला विचारून शून्य टाकलंस?"

"गुरुजी, नव्या रचनेत रकाना रिकामा चालत नाही. जिथे काही भरलेलं नव्हतं, तिथे मी शून्य भरलं."

"अगं, ती बाई घरी नव्हती, म्हणून तिची झाडं पडलीच नाहीत? हे असलं कोणी शिकवलं तुला?"



 

"गुरुजी, चौथीत मी तापाने फणफणले होते, गणिताच्या पेपराला येऊ शकले नाही. तेव्हा प्रगतिपुस्तकात तुम्ही मला किती गुण दिले होतेत?"