वीतभर लांब साखळी

खाणीत दबून मेलेल्या बायकांना, मोजणीवालीच्या पणजीसकट, जिथे पुरलं ती जागा आज सापडली नाही तर फाईल बंद होणार होती. तिने जुना नकाशा उपग्रहाच्या फोटोवर ठेवला आणि ती जागा थेट नाल्यात पडली. "बाई, तुमच्या पणजीला काय पोहायला पाठवलं होतं?" खाणीचे साहेब खिदळले. ती उठली. घरी गेली आणि भिंतीवरची मोजणीची साखळी उतरवून घेऊन आली. हा शेवटचा नकाशा काढताना पणजोबांनी तीच ओढली होती. साहेबांच्या कचेरीच्याच व्हरांड्यात ती पसरून टेप लावली. रानोमाळ फरपटून कड्या झिजल्या होत्या. साखळी मूळ मापापेक्षा वीतभर लांब झाली होती. म्हणजे नकाशातलं प्रत्येक अंतर खऱ्यापेक्षा कमी! तिने संगणकावर नकाशा तेवढा ताणला. खूण नाला ओलांडून कचेरीच्या अंगणात, साहेबांची गाडी उभी होती तिथेच आली. तिने कोपऱ्यातला टिकाव उचलला. "साहेब, गाडी काढा."