नकाशावरची टिकली
एजंटाने युवराजला स्वयंपाक्याची नोकरी सांगून रशियात नेलं, हाती आली बंदूक. तेव्हा हिम्मतरावांनी हैदराबादेतल्या बरकतपुऱ्याच्या घरात जगाचा नकाशा लावला. सून त्रिवेणी न्हाताना आरशाला चिकटवायची, ती टिकली उचलून त्यांनी लेक लढत होता त्या युक्रेनमधल्या गावावर डकवली. युक्रेनला अमेरिकेची नवी क्षेपणास्त्रं पोचल्याची बातमी लागली, की ते टिकलीवर बोट दाबून धरायचे. मग युवराजचे फोन थांबले आणि टिकली आपोआप सरकू लागली. काळ्या समुद्राच्या कडेने, मग इराणातून, पायी चालणाऱ्या माणसासारखी. आज सकाळी ती हैदराबादेवर होती. त्रिवेणीने हरखून बगारा भात चढवला. "मामंजी, हे येलालेत बघा." हिम्मतरावांनी टिकलीवर बोट दाबून धरलं. इतक्यात बेल वाजली. पदराला हात पुसत सून दाराकडे धावली. जाता जाता त्यांच्याकडे बघून हसली. सकाळी लावलेली टिकली कपाळावर नव्हती.