कशाला हवंय

सुकन्यानं भज्यांची प्लेट बाजूला सारली, पण विचारायचं ते काही तिच्या तोंडून बाहेर पडेना.

"बोल की गं," सरोजिनीबाई म्हणाल्या.

बाई बारामतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. दुपारी काउंटर सोडून कॅन्टीनच्या कोपऱ्यात येऊन बसायच्या. काउंटरला बिचकणारी पोरं भज्यांना बिचकत नाहीत, हा त्यांचा अनुभव. नियम एकच: हवं ते शोधून द्यायचं, कशाला हवंय ते विचारायचं नाही.

"मॅडम, स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरल्यावर माणूस बरा हुतो का?"

सुकन्या पणदऱ्याची. बाईंचे यजमान केशवसर तिथल्याच शाळेत शिकवायचे, ही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. बाईंच्या ओठावर प्रश्न आला होता. त्यांनी तो गिळला आणि पुस्तकं आणायला उठल्या.

मग ती रोज येऊ लागली. दोघी एकाच पुस्तकात डोकं घालून वाचायच्या. पुस्तकांत दिलासा फारसा नव्हता, आणि बाईंना खोटं बोलता येत नव्हतं. पोरगी ओढणीनं डोळे पुसायची. बाईंचा जीव तुटायचा.

घरी जेवताना त्या सरांना सगळं सांगायच्या.

"अहो, तिचे वडील आजारी आहेत का? तुम्हाला माहीत असेल."

"असतील," सर भाकरी कुस्करत म्हणाले. पुण्याला ट्रेनिंगच्या खेपा घालून त्यांची भूकच मेली होती. "तू काय सांगितलंस तिला?"

"खरं तेच. दुसरं काय सांगणार?"

सर ताट तसंच सारून हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सुकन्यानं पुस्तक उघडलंच नाही.

"मॅडम, घरच्या माणसाला हे सांगायचं कसं? पुस्तकात कुठं घावंना."

"पुस्तकात नाहीच ते." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "हे बघ, जेवणाआधी नको. भरल्या ताटावर कुणाला रडवू नये. चहा होऊ दे. टीव्ही बंद कर, हात हातात घे आणि सरळ सांग. 'काळजी करू नको' असं मात्र म्हणू नको. काळजी वाटायचीच, निदान तेवढी तरी करू द्यावी माणसाला."

"तुमाला असंच सांगितलेलं चालंल?"

"मला? हो, मला तर असंच आवडेल."

सुकन्या एकदम वाकली, भर कॅन्टीनमध्ये बाईंच्या पाया पडली आणि निघून गेली. बाईंना भरून आलं. एवढंसं वय, आणि केवढं ओझं त्या पोरीवर!

घरी आल्यावरही त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. त्यांनी चहा ठेवला. सरांनी आज कप पूर्ण संपवला. उठून टीव्ही बंद केला. मग ते शेजारी येऊन बसले आणि त्यांनी बाईंचा हात हातात घेतला.

"सरू," ते म्हणाले, "काळजी करू नको, असं मी म्हणणार नाही."