उरलेली अर्धी सिरिंज

गालात इंजेक्शनने भरलेलं फिलर वर्षभरात विरघळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दीड वर्ष झालं, तरी थोरलीच्या उजव्या गालात ते गोगलगायीसारखं ठाण मांडून बसलं होतं. बोटाखाली बुळकन सरकायचं.

डॉक्टरीणबाईंनी गाठीभोवती जांभळ्या पेनाने गोल काढला. "पुन्हा इंजेक्शन देऊन चेहरा सारखा करू, की ऑपरेशनच करायचं?"

"कापून काढा मेलं! शी, हात लावायची किळस येते."

उजवीकडच्या खुर्चीत धाकटी बहीण बसली होती. मागच्या वेळी अर्धी सिरिंज उरली, तेव्हा "वाया कशाला घालवायची?" म्हणत तिने हट्टाने ती आपल्या डाव्या गालात टोचून घेतली होती.

"बघू तरी, ताई," म्हणत ती जवळ झुकली.

गाठ हळूच गोलाबाहेर आली.

थोरलीने आरशात पाहिलं. तिचा गाल टोक काढून धाकटीकडे निघाला होता, आणि धाकटीचा तिच्याकडे. मध्ये बोटभर अंतर होतं. मग तेही उरलं नाही. काहीतरी ओलं, कोमट चिकटलं.

"ताई, मागे हो ना गं!"

थोरली मागे झाली. गाल तिथेच राहिला.